वाचकांचे प्रश्न: प्युरिटन म्हणजे काळा कोटच का?

प्रश्न: पोरगा सहावीत आहे, शाळेत त्याला अमेरिकेतला सुरुवातीचा प्युरिटन म्हणून स्टेजवर पाच मिनिटं बोलायचंय. मोबाईलवर बघितलं तर काळा कोट आणि बकलवाली टोपी, तेच शिवायला टाकू का? आणि त्यानी बोलायचं काय?
(एक आई, अमळनेर)

उत्तर: ताई, टेलरचे पैसे वाचवा. प्युरिटन म्हणजे इंग्लंडच्या सरकारी चर्चमध्ये (चर्च ऑफ इंग्लंड) सुधारणा हवी म्हणणारे कट्टर ख्रिस्ती. बकलवाली टोपी नंतरच्या चित्रकारांनी चिकटवलीय. पक्का काळा रंग तेव्हा महाग, म्हणून तो ठेवणीतला. शेतात राबताना तपकिरी, राखाडी असलेच कपडे. घरातला जुना तपकिरी सदरा चालून जाईल.

बोलण्यात खाणं घ्या, पोरं तिथंच कान देतात. १६२० ला मेफ्लॉवर जहाजानी १०२ प्रवासी आले ते ऐन थंडीत, प्लिमथला घरं उभी राहीपर्यंत आजारानी जवळपास निम्मे गेले. (हे मेफ्लॉवरवाले चर्च ऑफ इंग्लंडपासून फुटलेले; त्यात राहून सुधारणा करू म्हणणारे प्युरिटन जॉन विन्थ्रॉपबरोबर १६३० ला बोस्टनकडे आले, पण सहावीच्या पोराला एवढं नको.) शेती शिकवली टिस्क्वांटमनी. तो तिथलाच मूळ रहिवासी, त्याला आधी एका इंग्रज कप्तानानी विकायला स्पेनला पळवून नेलेलं, तो लंडनमार्गे परत आला तर अख्खं गाव साथीत संपलेलं, आणि ह्या लोकांची वस्ती नेमकी त्याच जागेवर. तरी त्यानी दाखवलं की मक्याच्या दाण्यासोबत मासा पुरा, खत होतं. गहू तिकडं नीट येईना, मग मक्याच्या पिठात राय नावाचं धान्य मिसळून ब्रेड भाजायचे, आपण ज्वारी-उडीद दळून कळण्याची भाकरी करतो तसंच.

शनिवारी सूर्य मावळला की कामं बंद. रविवारी तासन्‌तास प्रवचन, मीटिंगहाऊसमध्ये (त्यांची प्रार्थनेची जागा) शेकोटी नाही, बाया एकीकडे पुरुष एकीकडे. आणि नाताळ? १६५९ ला मॅसॅच्युसेट्सनी (बोस्टनकडची प्युरिटन वसाहत) कायदाच केला, साजरा केला तर पाच शिलिंग दंड, कारण बायबलमध्ये तसा सण सांगितलेलाच नाही!

एक गोष्ट मात्र त्याला नक्की बोलायला लावा. आपल्या धर्मासाठी समुद्र ओलांडणाऱ्या ह्याच मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांनी, सरकारनी धर्मात नाक खुपसू नये असं म्हणणाऱ्या रॉजर विल्यम्स नावाच्या पाद्र्याला १६३५ ला हद्दपार केलं. तो भर थंडीत निघाला, मूळ रहिवाशांच्या आसऱ्यानी तगला आणि पुढच्या वर्षी नॅरागॅन्सेट ह्या तिथल्या जमातीकडून जमीन घेऊन त्यानी प्रॉव्हिडन्स गाव वसवलं.