मे महिन्यात पणजीत रात्रीही पारा का उतरत नाही? हरितगृह परिणामाशी त्याचा संबंध आहे का?

आहे, अगदी थेट. (घाम वाळत नाही, ती चिकचिक वेगळी.)

दिवसभर तापलेली जमीन, कौलं, स्लॅब रात्री अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, किरणांच्या रूपात उष्णता सोडत असतात. मे महिन्यात अरबी समुद्रावरून आलेलं बाष्प आणि ढग ती शोषतात आणि बरीचशी पुन्हा खाली धाडतात; हाच हरितगृह परिणाम. डिसेंबरात वारा जमिनीकडून येतो, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. उष्णता सरळ निसटते. म्हणून गोव्याच्या आतल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईकडे पहाटे गोधडी शोधावी लागते. पणजीला मात्र समुद्र तितकं गारठू देत नाही.

अख्ख्या ग्रहाचा जमाखर्चही असाच. पृथ्वीला सरासरी दर चौरस मीटरला ३४० वॅट ऊन मिळतं, सुमारे ३० टक्के परावर्तित होतं, उरलेले २४० वॅट तिला अवकाशात परत करावे लागतात. त्यासाठी उणे १८ अंश सेल्सिअस तापमान पुरलं असतं. प्रत्यक्षात सरासरी १५ आहे. वरचे ३३ अंश बाष्प, कार्बन डायऑक्साइड वगैरेंची करामत. शुक्राची तर कमालच: त्याचे ढग एवढं ऊन परतवतात की तो पृथ्वीपेक्षाही कमी ऊन शोषतो, तरी पृष्ठभाग ४६० अंशांच्या आसपास!