नवा कॉन्फरन्स कॅमेरा घेतलात? आधी आवाज बघा

बाब, सगळे पर्याय पहिल्याच दिवशी चालू करू नका. आधी आवाज. जूनमध्ये पत्र्यावर पाऊस सुरू झाला की 'नॉइज सप्रेशन' (मागचा गोंगाट दाबणारा पर्याय) हवंच. पण फोंड्याहून भजनाची तालीम ऑनलाइन घेणार असाल तर तेच बंद करा. तंबोऱ्याचा अखंड सूर त्याला पंख्याची घरघर वाटते, मग तो सूरच कापतो. झूममध्ये यासाठी 'ओरिजिनल साउंड' आहे, म्हणजे आवाज न कापता जसाच्या तसा पाठवणारा पर्याय.

नवीन माणसं हमखास चुकतात ती इथे:

- एकाच खोलीत दोन लॅपटॉपचे माइक-स्पीकर चालू. शिट्टी वाजणारच.
- 'ऑटो फ्रेमिंग' (कॅमेरा आपणच माणसं शोधून चित्र जुळवतो) चालू आणि मागे घरच्यांची ये-जा. चित्र सतत हलत राहतं.
- खिडकीकडे पाठ. चेहरा काळा.

माइकचे झोन, इक्वलायझर वगैरे चतुर्थीनंतर बघू.