वाचकांचे प्रश्न: उणे चाळीसच्या गावी बिऱ्हाड नेताना

प्रश्न: माझे जावई अमेरिकेच्या सैन्यात आहेत. टेक्सासहून त्यांची बदली अलास्कात, फेअरबँक्सजवळच्या फोर्ट वेनराइट छावणीत झाली आहे. ऑक्टोबरात निघायचंय. बरोबर माझी लेक आणि दोन वर्षांचा नातू. लेकीकडे ग्रीन कार्ड आहे, पासपोर्ट भारतीयच. मी पुढच्या महिन्यात तिच्याकडे जाते आहे आणि तिला सोडायला अलास्कापर्यंत जावं असं मनात आहे. ते दोघं गाडीनं कॅनडातून जायचं म्हणताहेत. ते बरं का? इथून कपडे आणि खायचं काय नेऊ? तिथे हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही म्हणतात, खरं का? – एक आजी, सुदामानगर, इंदूर

उत्तर: ताई, आधी प्रवासाचं बघू, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. अलास्का हायवे कॅनडातल्या डॉसन क्रीकपासून अलास्कातल्या डेल्टा जंक्शनपर्यंत सुमारे 2,200 किलोमीटर आहे. तिथून फेअरबँक्स आणखी दीडशे. टेक्सास ते डॉसन क्रीक हा पल्ला तर त्याहूनही मोठा. ऑक्टोबरात वाटेत बर्फ लागतो, पेट्रोल पंप लांबलांब आहेत, मोबाइलची रेंज मैलोन्‌मैल नसते. दोन वर्षांच्या लेकराला घेऊन हा रस्ता धरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. अलास्कातली बदली सैन्याच्या हिशेबात परदेशी बदलीसारखी धरतात, त्यामुळे एक खाजगी गाडी सरकारी खर्चानं जहाजानं जाते. गाडी ताब्यात देताना ती धुतलेली हवी आणि टाकीत पाव टाकीहून जास्त पेट्रोल नको. कुटुंबानं सिएटलमार्गे विमानानं जावं.

तरीही गाडीनंच जायचं ठरलं, तर कागद बघा. लेकीला कॅनडाचा व्हिसा लागणार नाही, पण चालू भारतीय पासपोर्ट आणि मुदत न संपलेलं मूळ ग्रीन कार्ड दोन्ही हातात हवीत. लग्नानंतर मिळालेलं पहिलं कार्ड बऱ्याचदा दोनच वर्षांचं असतं, तेव्हा त्यावरची तारीख आजच वाचायला सांगा. तुमचं मात्र वेगळं आहे. तुम्ही अमेरिकेच्या व्हिसावर असाल, म्हणून त्याच गाडीत बसायला तुम्हाला कॅनडाचा व्हिसा वेगळा काढावा लागेल. ऐन निघायच्या वेळी घोटाळा होतो तो इथेच.

जावयांना आणखी एक आठवण करा. अलास्काला कुटुंब नेण्याआधी बायकोमुलांची वैद्यकीय छाननी होते. ती रखडली तर सगळ्यांचंच निघणं रखडतं.

आता गाडी. फेअरबँक्सचं जानेवारीचं सरासरी तापमान उणे 22 अंशांच्या आसपास असतं, मधूनमधून उणे 40 होतं. त्या थंडीत ऑइल घट्ट होतं आणि बॅटरीचा जोर निम्म्याहून कमी उरतो. म्हणून इंजिनाला ब्लॉक हीटर (इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर), ऑइल पॅनला म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याला गरम करणारं पॅड आणि बॅटरीला तसंच पॅड बसवतात. तिन्हींची वायर पुढच्या जाळीतून बाहेर येते आणि पार्किंगमधल्या प्लगला लावतात. उणे 7 च्या खाली गेलं की निघायच्या आधी दोन ते चार तास लावून ठेवायची. एक्स्टेन्शनची वायर थंडीत मऊ राहणारी, बाहेर वापरायची हवी. साधी प्लॅस्टिकची वायर वाकवली की तडकते. कूलंट, म्हणजे रेडिएटरमधलं पाणी, निम्मं पाणी आणि निम्मं अँटीफ्रीझ (गोठू न देणारं द्रव) असेल तर ते उणे 37 पर्यंतच तग धरतं. 60 टक्के अँटीफ्रीझ केलं की उणे 52 पर्यंत चालतं. त्याहून फार वाढवू नये, कारण नुसतं अँटीफ्रीझ उणे 13 च्या सुमारासच गोठतं. टायरची हवा दर साडेपाच अंशांना साधारण एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) उतरते. टेक्सासात 30 अंशांत भरलेल्या चाकात उणे 30 ला 11 पीएसआय कमी भरेल. हीटर बसवणाऱ्या गॅरेजांत शरदात गर्दी होते, म्हणून तारीख आत्ताच घ्यावी.

कपड्यांसाठी बॅग भरून नेऊ नका. इथलं जाड जॅकेट मनालीच्या सहलीपुरतं. कोट, बूट तिथेच घ्यावेत, बूट एक नंबर मोठा, म्हणजे आतल्या मोज्यांत हवा राहते. इथून न्यायचेच तर लोकरी किंवा सिंथेटिक आतले कपडे न्या. लेबल वाचा: कॉटन असेल तर नको. सुती बनियन घाम धरून ठेवतं आणि तो ओलावाच अंग गारठवतो. हातमोजे पाच बोटांचे नकोत, पंजाएवढी एकच पिशवी असलेले हवेत, बोटं एकमेकांना ऊब देतात. पहिल्या आठवड्याचे गरम कपडे विमानातल्या बॅगेतच ठेवावेत. सामान दोन खेपांत येतं. लवकर येणाऱ्या छोट्या खेपेत कुकर, तवा, मिसळणाचा डबा घालायला सांगा.

चमकी आणि कानातले उघड्यावर उणे 30 ला काढून ठेवलेले बरे. धातू त्वचेची ऊब झपाट्यानं ओढून घेतो. मंगळसूत्र कपड्यांच्या आत राहिलं की हरकत नाही. नाक किंवा बोट पांढरं, बधिर झालं तर चोळू नका, शेकोटीशी किंवा हीटरशी धरू नका. तिथे संवेदना नसल्यानं भाजलेलं कळत नाही. 37 ते 39 अंशांच्या कोमट पाण्यात बुडवायचं आणि डॉक्टर गाठायचा. छावणीतच बॅसेट हॉस्पिटल आहे.

नातवासाठी सगळ्यात महत्त्वाचं: फुगीर जॅकेट घालून लहान मुलांच्या कार सीटचे पट्टे बांधू नयेत. पट्टा घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण धडक बसली की जॅकेट दबतं आणि पट्टा सैल पडतो. पातळ स्वेटरवर पट्टे आवळावेत, जॅकेट वरून पांघरुणासारखं उलटं घालावं.

खायचं म्हणाल, तर लवंगी शेव, चिवडा, दळलेला गोडा मसाला न्या आणि विमानतळावर अधिकाऱ्यांना सगळं आधीच सांगा. तांदूळ, अख्खे हरभरे, ताजा कढीपत्ता आणि खव्याची मिठाई मात्र नको.

सूर्य उगवतो हो. फेअरबँक्स आर्क्टिक वृत्ताच्या दक्षिणेला आहे. 21 डिसेंबरला दिवस साधारण 3 तास 40 मिनिटांचा. बरेच जण सकाळी 10,000 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) दिव्यासमोर 20 ते 30 मिनिटं बसतात. लेकीला मूड बिघडल्यासारखं वाटलं तर तिनं डॉक्टरांशी बोलावं, आणि व्हिटॅमिन डी लेक आणि नातू दोघांनाही डॉक्टरांना विचारूनच द्यावं. जूनमध्ये उलटा प्रश्न: जवळजवळ 22 तास दिवस, पोर झोपत नाही. घर मिळालं की खिडक्यांची मापं मागवून घ्या आणि इथे जाड काळ्या अस्तराचे पडदे शिवून पाठवा. चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंना वीतभर जास्त, नाहीतर कडेनं उजेड येतोच.