'पाणबुडी केबल' म्हणावं का?

विचारणा अशी: एका भाषांतरात समुद्रातून फोन-इंटरनेटचे संदेश नेणाऱ्या 'सबमरीन केबल'साठी 'पाणबुडी केबल' वापरलंय, ते बरोबर का? आणि आत काच असताना तिला 'तार' म्हणता येईल का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे, नको. पाणबुडी म्हणजे बुडी मारणारी, आणि बुडी मारणारी परत वर येते. ही केबल तळाला गेली की पंचवीसेक वर्षं तिथंच. वर ओढतात ती बहुधा तुटल्यावर. 'सबमरीन' हे मुळात विशेषण, समुद्राखालचं एवढाच अर्थ. बोटीला ते नाव नंतर चिकटलं आणि आपण बोटीचा शब्द केबलला जोडला.

'समुद्राखालची' चालेल. तरी खोल समुद्रात केबल तळावर नुसती पडलेली असते. किनाऱ्याजवळ मात्र नांगर आणि मासेमारीची जाळी लागू नयेत म्हणून पुरतात. म्हणून मी 'समुद्रतळावरची' म्हणेन. बातमीच्या मथळ्याला 'सागरी केबल' पुरे.

'तारे'ची गोष्ट जास्त रंगतदार. 1870 साली 'ग्रेट ईस्टर्न' जहाजानं मुंबईहून एडनकडे जी टाकली, ती निःसंशय तार: तांब्याची, गटापर्चा या रबरासारख्या चिकाच्या आवरणातली. पुढे तारेतून येणारा निरोपही तारच झाला, आणि 'तार आली' म्हटलं की घरात आधी रडारड, मग वाचन. 2013 च्या जुलैत ती सेवा संपली. (जाता जाता: 'तारांबळ' या तारेची कुणी नाही. तिचा माग मंगलाष्टकातल्या 'ताराबलं चंद्रबलं तदेव'पर्यंत लावतात.)

1988 मध्ये अटलांटिकच्या तळावर पहिली काचतंतूंची केबल पोचली. केसाएवढ्या काचेला तार म्हणवत नाही. तिथं 'प्रकाशतंतू' छान बसतो. पण गंमत बघा, त्या तंतूंभोवती अजूनही तांबं असतं. प्रकाश वाटेत मंदावतो, म्हणून साधारण 60 ते 100 किलोमीटरवर त्याला जोर देणारं यंत्र बसवतात, आणि त्याची वीज किनाऱ्यावरून याच तांब्यातून जाते. म्हणजे आतल्या काचेला तंतू म्हणावं, सगळ्या जुडग्याला केबल. आणि कुणी 'समुद्रातली तार तुटली' म्हणालं तर मी तरी लाल पेन काढणार नाही.

शिवाय आपण 'ती केबल' म्हणतो, 'तो केबल' नाही. हे स्त्रीलिंग तिला बहुधा तारेकडूनच मिळालं असावं.