"मलाच येत नाही, तर पोरांना काय शिकवू?"

दापोली-गुहागर भागातल्या प्राथमिक शिक्षिका समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात त्या झोप लागत नाही म्हणून, चिडचिड वाढली म्हणून. खरं दुखणं तिसऱ्या-चौथ्या भेटीत बाहेर येतं: "मॅडम, मोबाईल-इंटरनेटचं मलाच धड येत नाही, मुलांना काय शिकवू?" हे इतक्यांदा ऐकलंय की आता त्या बोलण्याआधीच मला ओळखू येतं.

हर्णैजवळच्या द्विशिक्षकी शाळेतल्या एका बाईंचं सांगते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) नोकरी २६ वर्षांची. शाळेत स्मार्ट टीव्ही आला, बाईंना तो सुरू करता येईना. चौथीतल्या एका पोराने दोन मिनिटांत लावून दिला. वर्गाने टाळ्या वाजवल्या. बाई त्या रात्री जेवल्या नाहीत.

आधी मी चूक केली. सरकारचं दीक्षा हे अभ्यासाचं ॲप बघा, पुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन करून बघा, असं सांगून मोकळी झाले. पुढच्या वेळी त्या जास्तच खचून आल्या. घाबरलेल्या माणसाला गृहपाठ देण्याचा उतावीळपणा एवढ्या वर्षांनीही माझ्याकडून होतो.

मग मी माझ्या नेहमीच्या वाटेला लागले. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारांवर (आपल्याला छळतो तो आपलाच 'असं झालंच पाहिजे' हा हट्ट) माझा जीव आहे, ते लपवत नाही.

"टीव्ही लावता आला नाही, ते एवढं का लागलं?"

"शिक्षकाला मुलांपेक्षा जास्त आलंच पाहिजे ना!"

"त्यातला 'च' कुणी घातला?"

त्या गप्प.

"वर्गात मच्छीमारांची मुलं आहेत. तुम्हाला जाळं विणता येतं?"

"छे हो."

"मग त्यांना परिसर अभ्यास शिकवताना लाज वाटते?"

पहिल्यांदा हसल्या.

खरी कलाटणी मात्र वर्गात मिळाली. ऑक्टोबरात एक फॉरवर्ड फिरला: उद्या चक्रीवादळ धडकणार. सोबत फुटलेल्या बोटींचा फोटो. ३ जून २०२०चं 'निसर्ग' सोसलेली ही गावं. निम्मा वर्ग घरीच राहिला. बाईंनी तोच फोटो टीव्हीवर लावायला सांगितला आणि एवढंच विचारलं, "हा आपल्याकडचा आहे कशावरून?"

मुलं टीव्हीजवळ सरकली. एक जण म्हणाला, "बाई, या बोटीवर टीएन लिहिलंय. आमच्या बोटीच्या नंबरात एमएच आहे." मागून एक मुलगी म्हणाली, "आणि बंदरावर बावटा कुठे लागलाय?"

हे सांगताना बाईंचा आवाज बदलला होता. मीही लिहायची थांबले. बावटा हवामान खात्याच्या इशाऱ्यावरून लागतो, हे किनाऱ्यावरच्या पोराला कळतं. फॉरवर्ड कुठून निघाला ते कुणालाच ठाऊक नसतं. बटणं मुलांना येतात. समोर आलेलं पारखायला त्यांना कुणीतरी सतत प्रश्न विचारायला हवेत, आणि प्रश्न विचारणं हेच तर बाईंचं २६ वर्षांचं काम! ही जोडणी मला आधी सुचायला हवी होती. सुचली तेव्हापासून मी ती प्रत्येकीला सांगते, थोड्या अभिमानानेच.

पहिली-दुसरीला फोन हातात न देताही सुरुवात होते. कानगोष्टी खेळा आणि शेवटच्या मुलापर्यंत वाक्याचं काय झालं ते फळ्यावर लिहा. तिसरी-चौथीला आठवड्याला एक मेसेज पुरे: कुणी पाठवला, कधीचा, आणखी कोण हेच सांगतंय? नाव, पत्ता, ओटीपी अनोळखी ठिकाणी भरायचा नाही, हे आजी-आजोबांना समजावण्याचं काम मुलांकडेच द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा, तेही. आणि फोनवर काही भलतंसलतं दिसलं तर 'सांगितलंस तर रागावणार नाही' हे आधीच कबूल करा. रागावलात की पुढच्या वेळी मूल लपवतं. वर्गात 'मला माहीत नाही, शोधूया' असं मोठ्याने म्हणायची सवय मात्र बाईंना दोन महिने लागली.

परवा त्यांचा फोन आला होता. झोप लागते म्हणाल्या. टीव्ही अजून तोच पोरगा लावतो.