रोज कृतज्ञता लिहूनही रिकामं वाटतं. दोन महिने गोव्यात निसर्गात राहिलो तर आयुष्याचा उद्देश सापडेल का?

नाही. दोन महिन्यांत तुम्हाला सापडतील त्या जळवा, तेही पावसाळ्यात आलात तर.

तुम्ही लिहिलंय की वय 29, पुण्यात आयटीत, रोज रात्री वहीत कृतज्ञतेच्या तीन ओळी, सकाळी ध्यान, आणि तरी आतून पोकळ वाटतं. एरवी असले प्रश्न मी वाचून सोडून देतो. पण 2017 साली मीही पुण्यातली नोकरी सोडून, अशीच एक वही घेऊन गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात परत आलो होतो. फरक इतकाच की माझं इथे घर होतं आणि वडिलांच्या मागे पडून राहिलेलं कुळागर होतं. थोरला भाऊ तेव्हा म्हणाला होता, "स्वतःला शोधायला चाललाय. वाळपईच्या तिठ्यावर उभा राहा, कुणीतरी आणून देईल." ते वाक्य अजून टोचतं, म्हणून हे उत्तर थोडं त्यालाही आहे.

कुळागर म्हणजे काय ते गोव्याबाहेरच्यांसाठी एका वाक्यात सांगतो: डोंगराच्या पायथ्याला झरीच्या पाण्यावर वाढवलेली पोफळी, माड, केळी, मिरवेलींची बाग. फोटोत फार शांत दिसतं. प्रत्यक्षात मे संपायच्या आत मोरचूद-चुन्याचं बोर्डो फवारून झालं नाही, तर कोळेरोगाने कोवळी सुपारी खाली सडा पडल्यासारखी गळते. पाडेली (झाडावर चढून नारळ-सुपारी पाडणारा) मिळत नाही, मिळाला तर त्याच्या वेळेने येतो. माकडं, शेकरू आणि रानडुकरं यांचा वाटा काढून उरलं ते तुमचं.

तर मी आलो आणि रोज वही लिहू लागलो. पक्ष्यांचे आभार, झरीचे आभार. आणि 2019 मध्ये कुळागराला तारेचं कुंपण घातलं, खालच्या बाजूला लोखंडी फाटक लावून कुलूप ठोकलं. कारण सगळ्यांना गव्यांचं सांगितलं. गव्याला तार अडवत नाही हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. अडली ती वरच्या वाड्यावरची एक म्हातारी.

तिची वाट आमच्या कुळागरातून जायची, पाटाच्या कडेकडेने वर रानात. वडिलांच्या आधीपासून. ती रानातून काय काय आणून वाळपईच्या बाजारात विकायची. चवथीच्या आधी तर तिचे चार पैसे व्हायचे ते माटोळीच्या सामानावरच. (माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकटीला बांधतात ती रानफळांची आणि फुलांची आरास. आमच्याकडे मखर नसेल तर चालेल, माटोळी नसेल तर चवथ झाली असं वाटत नाही.) कुंपणानंतरही ती तार वाकवून एकदा आलीच, डोक्यावर भारा घेऊन. मी तिच्यावर ओरडलो. खाजगी मालमत्ता वगैरे सगळं मराठीत, ती कोंकणी बोलणारी, पण सूर कळायला भाषा लागत नाही. तिने भारा तसाच उचलला आणि मागे फिरली. वरून रानाला वळसा घालायचा म्हणजे तिला पाऊण तास जास्त.

23 जुलै 2021, शुक्रवार. म्हादई आणि रगाडा, दोन्ही नद्या फुगल्या. 1982 नंतरचा सर्वांत मोठा पूर, असं तेव्हा मुख्यमंत्रीच म्हणाले होते. वडिलांनी 82चा पूर पाहिला होता. त्यांनी घराच्या खांबावर केलेली खूण आम्ही लहानपणी थट्टेचा विषय करायचो. पाणी त्या खुणेला टेकलं. पंप गेला, पंपाची खोली गेली, नदीच्या अंगाची शंभरावर पोफळी आडवी झाली आणि माझं कुंपण खांबांसकट कुठे गेलं ते आजही माहीत नाही. पाणी ओसरल्यावर उभ्या राहिलेल्या पोफळींच्या बुडाशी गुडघाभर गाळ. तो फार दिवस तसाच राहिला की मुळं गुदमरतात आणि झाड पिवळं पडायला लागतं. मी एकटा, हातात एक फावडं. पहिल्या दिवशी अकरा झाडं मोकळी केली. अकराच, कारण मोजत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती आली. बरोबर दोन मुलगे आणि सून, कुदळी, घमेली. मला काही विचारलं नाही. मुलगे झाडांना लागले आणि ती साडीचा ओचा खोचून पाटात उतरली, हातानेच गाळ उपसायला लागली. मध्ये दगड आला की तो धुऊन पुन्हा पाटाच्या कडेला बसवायची, जिथला तिथे. कुठला दगड कुठे होता हे मला माहीत नव्हतं, माझ्याच कुळागरात. दुपारी त्यांच्या घरची पेज आणि चेपणीचं तोर, म्हणजे मिठात मुरवलेली कैरी. चार दिवस हे चाललं. शेवटी मला राहवेना. विचारलं, मावशी, मी तुम्हाला असं बोललो होतो, तरी का आलात? मला वाटलं होतं ती काहीतरी मोठ्या मनाचं बोलेल आणि मी रात्री ते वहीत लिहीन.

ती म्हणाली, "वाट ना जाल्यार चवथीक माटोळी खंयच्यान हाडटली रे पुता?"

बस. वाट बुजली तर माटोळीचं सामान आणू कुठून. तिला वाट हवी होती, मला पोफळी हव्या होत्या, दोन्हींवर एकच गाळ होता.

मुलांनी मजुरी घेतली नाही. पुढे त्यांच्या घराची कौलं काढून बसवायची होती, तेव्हा मी पाच दिवस गेलो. देशावर याला सावड म्हणतात. त्या वर्षी चवथ 10 सप्टेंबरला होती. आमच्या पोफळींचं शिपटं (सुपारीचा घड) माटोळीला नाही, असं घरात पहिल्यांदाच झालं. मी बाजारात तिच्याकडे गेलो. पुढ्यात पोत्यावर माट्टीची फळं, कांगणं, कवंडळं, तोरिंजन, वाघनखीची फुलं. सगळं घेतलं आणि पाचशेची नोट पुढे करून म्हटलं, राहू द्या. तिने पदराची गाठ सोडली, दहा-दहाच्या नोटा थुंकी लावून दोनदा मोजल्या, आणि दोनशे साठ रुपये परत माझ्या हातावर ठेवले. घासाघीस मात्र करू दिली नाही, कांगण्याची जुडी वीसची वीसलाच.

वही माळ्यावर होती म्हणून पुरातून वाचली. त्या चवथीनंतर काढून बघितली. तिच्यावर ओरडलो त्या दिवसाचं पान शोधलं. तीन ओळी होत्या: झरीचं पाणी, हळद्याचा आवाज, एकांत. एकांत! त्यानंतर वही लिहिली नाही.

म्हणून तुमची ती वही बघून मला राग आला. तुमचा नाही, माझा. पक्ष्याचे आभार मानायला काही पडत नाही. पक्षी परत काही मागायला येत नाही. ज्याचं आपण खरंच देणं लागतो तो मागायला येऊ शकतो, आणि त्याच्यासाठी आपण फाटकाला कुलूप घालतो. तुमच्या सोसायटीत जिन्यावर भेटून न बोलणारं कुणी असेल, ऑफिसात तुमचं काम निस्तरून देणारी एखादी असेल, तिचं नाव त्या तीन ओळींत कधी आलंय का बघा. निसर्ग नंतर.

आता दादाचा मुद्दा. कुंपण परत घालायचं नाही आणि वाट सोडायची असं मी सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "ती स्वतःच्या स्वार्थासाठी आली होती, हे तुझ्याच तोंडचं." मग? स्वार्थ असला म्हणून चार दिवसांचा गाळ कमी भरतो का? तू फोनवर "काळजी घे" म्हणालास त्यात स्वार्थ अजिबात नव्हता, मान्य. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबाराच म्हणा) आमची दोघांची नावं आहेत, इन्वेंतार म्हणजे कोर्टातली वाटणी व्हायची आहे, आणि उद्या वाटेचा कायदेशीर हक्क लागू होईल म्हणून तो अडून बसलाय. वकिलाच्या दृष्टीने कदाचित त्याचंच बरोबर असेल. मला ते ऐकायचं नाहीये.

तुमचा प्रश्न राहिलाच. उद्देश हा शब्द मला झेपत नाही. मला सकाळी साडेसहाला पाणी सोडायचं असतं, आणि दुसऱ्या अंगाला लावलेली नवी पोफळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात, तेवढं पुढचं दिसतं. राहायचं असेल तर किनाऱ्यावर नको, सत्तरीत किंवा सांगे-केपेच्या बाजूला कुणाच्या घरी पैसे देऊन राहा, आणि त्यांच्याबरोबर काम करा. पावसात अभयारण्यातल्या धबधब्यांवर कधी कधी बंदी येते, आधी चौकशी करा.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. रिकामं वाटणं महिनोन्महिने चाललं असेल, झोप-भूक उडाली असेल, तर गोवा नाही, डॉक्टर. मी हे हलकं घेत नाही. आणि वहीबद्दल मी फार तोडून बोललो. भाची मानसशास्त्र शिकते, ती म्हणते एमन्स आणि मॅक्कला या दोघा अमेरिकन संशोधकांच्या 2003 च्या अभ्यासात कृतज्ञता लिहिणाऱ्यांना खरंच बरं वाटलेलं दिसलं. पण त्यातल्या पहिल्या प्रयोगात लोक आठवड्यातून एकदाच लिहीत होते, दहा आठवडे. तुम्ही रोज लिहिता. शिवाय माझ्याकडे बापाची जमीन होती, तुमच्याकडे कदाचित घराचा हप्ता आहे. नोकरी सोडू नका, रजा टाका.

आणि आलातच तर चवथीच्या आधीचे दोन दिवस धरून या. वाळपई, साखळी, म्हापसा, फोंडा, कुठल्याही माटोळीच्या बाजारात सकाळी सातच्या आत पोचा. वरच्या वाड्यावरची मावशी आता बाजाराला बसत नाही, गुडघे गेलेत. सून बसते. रानात मात्र अजून तीच जाते, आमच्याच पाटाच्या कडेने.

दादा, तूही ये. वाट सर्व्हे प्लॅनवर नाही, मी दाखवतो. बूट जुने घाल.