वस्तीतील दिवंगत माणसांच्या आठवणी कशा लिहून ठेवाव्यात?

गेल्या दोन वर्षांत आपल्या वस्तीतील जी माणसे गेली, त्यांच्याविषयी काही लिहून ठेवावे अशी आपली इच्छा आहे. पण त्यांच्यापैकी कोणीच प्रसिद्ध नव्हते. त्यामुळे लिहायचे काय, विचारायचे कोणाला, आणि ज्यांच्याविषयी कोणालाच फारसे ठाऊक नाही त्यांचे काय करायचे, असे आपण विचारले आहे. आमच्या वस्तीच्या वार्षिक अंकासाठी मी अकरा वर्षे हे काम करत आले आहे आणि त्या अनुभवावरून एक गोष्ट आग्रहाने सांगते: माणूस कसा होता, हे विचारू नका; तो गेल्यावर काय थांबले, हे विचारा.

‘कसे होते?’ असे विचारले की मनमिळाऊ, कष्टाळू, परोपकारी, शिस्तप्रिय ही उत्तरे येतात. ती खोटी नसतात. दुःखात जे शब्द हाताशी असतात, तेच माणूस पुढे करतो. पहिल्या वर्षी मी असेच सात मृत्युलेख लिहिले आणि ते नीट उतरले आहेत असे मला मनापासून वाटले. अंक निघाल्यावर एका वयोवृद्ध वाचकांनी मला घरी बोलावले, नावांवर हात ठेवून दोन लेख एकापाठोपाठ वाचून दाखवले आणि यातला कोणता कोणाचा, असे विचारले. मला सांगता आले नाही. ज्यांच्या घरी बसून मी दोन-दोन तास टिपणे घेतली होती, त्यांना माझ्याच लेखात मी ओळखू शकले नाही, ही गोष्ट मला फार लागली.

पुढच्या वर्षी शेजारच्या इमारतीतील एक बाई वारल्या. त्यांच्या मुलीला मी, आई गेल्यावर काय थांबले, एवढेच विचारले. ती उठली आणि स्वयंपाकघराच्या दारामागची फळी दाखवू लागली. फळीवर खिळे ठोकलेले होते आणि प्रत्येक खिळ्याला शेजारच्या एकेका घराची जादा किल्ली अडकवलेली होती. किल्ल्यांना चिठ्ठ्या नव्हत्या, दोरे बांधलेले होते. दोऱ्याला जितक्या गाठी तितवा मजला, आणि दोऱ्याच्या जाडीवरून घर. आधी हे काम रंगांवर चालत असे, पण नजर अधू झाल्यावर बाईंनी सगळे दोरे बदलून घेतले होते, म्हणजे बोटांनी चाचपून किल्ली देता यावी. निधनानंतर मुलीने शेजाऱ्यांना बोलावून किल्ल्या परत केल्या. एकोणीसपैकी सतरा गेल्या. उरलेल्या दोन किल्ल्या अशा भाडेकरूंच्या होत्या, जे काही वर्षांपूर्वीच घर सोडून गेले होते. बाईंनी त्या टाकल्या नव्हत्या. मी एवढेच लिहिले, जेमतेम अडीचशे शब्दांत, आणि त्यात ‘परोपकारी’ हा शब्द कुठेही घातला नाही.

लांबीचे विचाराल तर अडीचशे शब्द पुष्कळ होतात. सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कवर हल्ला झाला, त्यानंतर ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मृतांची छोटी शब्दचित्रे रोज छापायला सुरुवात केली आणि त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत अशी १,८०० हून अधिक शब्दचित्रे प्रसिद्ध झाली. प्रत्येक साधारण २०० शब्दांचे होते. त्यांत शिक्षण, नोकरी, पदे अशी जंत्री देण्याऐवजी एखादी सवय, एखादा छंद किंवा घरातला एखादा प्रसंग घेतलेला असे, आणि मोठ्या पदावरच्या माणसाला व स्वयंपाकघरातील कामगाराला जागा जवळपास सारखीच मिळे. आपल्या संग्रहातही हे पथ्य पाळा. ज्याची मुले उत्साहाने माहिती देतात त्याच्यावर तीन पाने आणि ज्याच्या मागे कोणी नाही त्याच्यावर तीन ओळी, असे झाले की वाचणाऱ्याच्या मनात माणसांची प्रतवारी आपोआप ठरते.

माहितीसाठी घरच्यांकडे आधी जायचेच, कारण त्यांची परवानगी हवी. पण तेवढ्यावर थांबू नका. घरच्यांना माणूस घरातला माहीत असतो. तो दिवसाचे आठ-दहा तास जिथे घालवत असे तिथले सहकारी, रोज त्याच वेळी फिरायला जाणारा सोबती, तो ज्याच्याशी कायम वाद घालत असे तो शेजारी, यांच्याकडे वेगळाच माणूस सापडतो. वाद घालणाऱ्यांकडे तर मी आवर्जून जाते. एखाद्याच्या हट्टाचे नेमके वर्णन त्याच्या विरोधकाइतके कोणी करत नाही, आणि ते करताना बहुतेकांचा आवाज भरून येतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

दोन-तीन महिन्यांच्या आत जा. पहिल्या आठवड्यात जाऊ नये, तेव्हा घरच्यांना उसंत नसते. पण वर्ष जाऊ दिले तर प्रसंग विरतात आणि विशेषणेच हाती उरतात. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःच्या स्मृतीवरील प्रयोग प्रसिद्ध केले. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो आणि नंतर मंदावतो, असे त्याला आढळले. त्याने निरर्थक अक्षरे पाठ केली होती, जिवलगांच्या आठवणी नव्हे. तरी दिवंगतांची बोलण्याची लकब, ठरलेली वाक्ये, हातांच्या हालचाली असे बारीक तपशील आधी निसटतात, हा माझाही अनुभव आहे.

शक्य असल्यास मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा, मात्र विचारून. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात ‘स्टोरीकॉर्प्स’ या सामान्य माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणाऱ्या संस्थेने एक छोटी खोली उभारली आणि एकमेकांना ओळखणाऱ्या दोन माणसांनी तिथे ४० मिनिटे बोलावे, अशी पद्धत ठेवली. मुद्रणाची एक प्रत बोलणाऱ्यांना मिळे आणि त्यांची संमती असेल तर दुसरी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपली जाई. दोन परिचितांना समोरासमोर बसवण्याची ही कल्पना मी उचलली आहे. मी प्रश्न विचारते तेव्हा मला तोलूनमापून उत्तरे मिळतात. बहिणीने भावाला विचारले की ‘अगं, तसं नव्हतं ते’ असे म्हणून खरी हकिगत सुरू होते.

अवघड गोष्टींबाबत माझे मत स्पष्ट आहे. व्यसन, कर्ज, घरातील बेबनाव यांविषयी कुटुंबाच्या लेखी संमतीशिवाय एक शब्दही लिहू नये. पण ते झाकण्यासाठी खोटेही लिहू नये. ‘आदर्श पिता’ असे छापून आले तर मुलांना ते वाचताना काय वाटेल, याचा विचार करा. जे खरे आहे आणि सांगता येण्यासारखे आहे तेवढेच लिहा. मृत्यू आत्महत्येने झाला असेल तर कशी, कुठे हे तपशील मुळीच देऊ नयेत. जागतिक आरोग्य संघटनेने माध्यमांसाठी केलेल्या मार्गदर्शनातही हेच सांगितले आहे, कारण अशा तपशिलांचा खचलेल्या वाचकांवर घातक परिणाम होऊ शकतो.

नावे आणि तारखा कागदपत्रांवरून ताडून पाहा आणि मजकूर छापण्याआधी घरच्यांना वाचून दाखवा. एकदा माझ्याकडून एका आजींचे नाव चुकीचे छापले गेले आणि त्यांच्या बहिणीने तो अंक मला परत आणून दिला; त्या चुकीची भरपाई पुढच्या अंकातील दुरुस्तीने झाली नाही. स्त्रियांची नोंद अमक्यांच्या पत्नी, तमक्यांच्या आई एवढ्यावर भागवू नका. लंडनमधील पोस्टमन्स पार्कमध्ये १९०० साली चित्रकार जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स यांच्या प्रयत्नांतून, इतरांना वाचवताना प्राण गमावलेल्या सामान्य माणसांच्या नावांच्या फरशा बसवण्यात आल्या. तिथे ॲलिस एअर्स हिची फरशी आहे. १८८५ मध्ये जळत्या घरातून तिने तीन मुलांना वाचवले आणि स्वतःचा जीव गमावला. ती गवंड्याच्या हाताखालच्या मजुराची मुलगी, हेही त्या फरशीवर आहे; पण त्याआधी तिचे स्वतःचे नाव आहे.

आता ज्यांच्याविषयी कोणाला काही ठाऊक नाही, त्यांच्याबद्दल. आमच्याकडे रात्रपाळीचे एक पहारेकरी होते. ते एकटे राहत, कोणाशी फारसे बोलत नसत. ते गेले तेव्हा नावापलीकडे कोणाला काही सांगता आले नाही. मी फेऱ्यांची नोंदवही मागून घेतली. प्रत्येक फेरीची वेळ आणि सही, पानामागून पान तेच. पण एका हिवाळ्यात समासात बारीक अक्षरांत काही लिहिलेले सापडले. त्या दिवसांत दुसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ खूप आजारी होते. मी त्या समासातल्या नोंदी जशाच्या तशा छापल्या, वर पहारेकऱ्यांचे पूर्ण नाव आणि खाली निधनाची तारीख दिली, माझा एकही शब्द घातला नाही:

‘२.१०. दुसरा मजला, दिवा चालू. दार वाजवून विचारले. पाणी दिले.’

‘३.४०. दिवा चालू.’

‘४.३०. दिवा बंद. झोप लागली असावी.’